सोडवत नाही आणि करवतही नाही

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना जाता जाता लिहिलं होतं की सामाजिक काम करणारी माणसंसुद्धा थकतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळी सासू-सून, फ्लॅटचे वाद आणि मुलांचे मार्क सगळं बाजूला ठेवून चारही पत्रं याच विषयावरची घेतलीयेत. नावं छापत नाहीये, कारण पुण्यात या कामातले सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या कोणीतरी कोणालातरी गाठून विचारणारच, "ते तूच लिहिलंस ना?"

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची आहे, सिंहगड रोडला राहते, नोकरी पूर्णवेळ. जुलै २०२४ला नदीचं पाणी आमच्या भागात शिरलं तेव्हा आम्ही काही जणींनी मिळून लोकांना बाहेर काढणं, जेवण, चादरी, औषधं असं सगळं केलं आणि त्यातूनच एक ग्रुप झाला. नंतर त्याच ग्रुपवर ड्रेनेज, राडारोडा, झाडं तोडायच्या नोटिसा, डास, पाण्याचा प्रेशर, जे असेल ते यायला लागलं. सुरुवातीला मीटिंगला हॉल भरायचा, आता मी आणि अजून दोघी. माहिती अधिकाराचे अर्ज मी लिहिते, ऑफिसात जाऊन पोच मी घेते, साहेबांना भेटायचं तरी मीच. पावसाळ्यात रात्री धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला की मी उठून बसते ती सकाळपर्यंत. मध्ये एका काकूंनी सकाळी सहाला फोन करून कुत्र्यांची तक्रार सांगितली तर मी त्यांच्यावर एवढी ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. मिस्टर म्हणतात, तुला कोणी सांगितल्यात लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. मुलगी यंदा दहावीला आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला आता लोकांचाच राग येतो, वाटतं बुडू देत, यांची हीच लायकी आहे. मग माझीच मला भीती वाटते. सोडलं तर सगळं बंद पडणार. काय करू?
एक कार्यकर्ती, सिंहगड रोड

उत्तर : अगं, आधी त्या "बुडू देत"बद्दल बोलूया, कारण तू थकव्यापेक्षा त्याचीच जास्त धास्ती घेतलेली दिसतीये. तू वाईट झालेली नाहीयेस. क्रिस्टिना मॅस्लाक म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बर्नआउटवर, म्हणजे काम करून करून माणूस पार संपून जातो त्यावर, आयुष्यभर काम केलं, १९८१मध्ये तो मोजायची प्रश्नावली काढली जी अजून जगभर वापरतात. त्यात तीन गोष्टी बघतात, माणूस पार पिळून निघालाय का, ज्यांच्यासाठी राबतोय त्यांच्याबद्दलच तो कोरडा, तुसडा झालाय का, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं त्याला वाटायला लागलंय का. म्हणजे लोकांचा वीट येणं हे त्या थकण्यातच धरलेलं आहे. पाण्यात उतरून चादरी वाटणाऱ्या बाईलाच पुढे त्या लोकांचा राग येतो, कारण तीच सगळ्यात जास्त दिवस एकटी ओढत राहते. काकूंना एकदा जाऊन सॉरी म्हण आणि तो विषय संपव.

आणि हा आयटीवाल्यांचा आजार आहे असं जे आपल्याकडे समजतात ना, तसं मुळीच नाहीये. १९७४मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी यावर पहिल्यांदा लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या लोकांना बघून, आणि ते स्वतःही दिवसभर आपली प्रॅक्टिस करून रात्री तिथे जायचे. म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांमध्येच हे आधी सापडलं. मिस्टरांना वाचून दाखव.

एक रुक्ष काम लगेच करून टाक, डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, शुगर बघून घे. या वयात पाळी बदलायला लागली असेल तर त्यानेसुद्धा झोप उडते आणि चिडचिड होते, आणि बायका ते सगळं समाजाच्या नावावर टाकून मोकळ्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउट आपल्या वर्गीकरणात घेतलं खरं, पण आजार म्हणून नाही, कामातून येणारी स्थिती म्हणून, तेव्हा सगळंच त्याच्या नावावर खपवायचं नाही. कामापासून लांब जाऊन, कोकणात चार दिवस राहूनसुद्धा मन उचलत नसेल, आवडीच्या गोष्टीत काही वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतो. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं.

आता मुद्द्याचं. तुला सगळे सांगत असणार की स्वतःची काळजी घे, योगा कर, स्वतःसाठी वेळ काढ. कर की, कोण नको म्हणतंय, पण सकाळी अर्धा तास प्राणायाम करून उरलेला दिवस तेच फोन तूच एकटी घेणार असशील तर फरक काय पडणार. तुझा प्रश्न तब्येतीचा कमी आणि कामाच्या मांडणीचा जास्त आहे. गावाकडे अखंड हरिनाम सप्ताह बघितला असशील. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पण ती सात दिवस एकाच्याच गळ्यात नसते, पहारे लावलेले असतात, रात्री दोन ते चार कोण, चार ते सहा कोण हे आधीच ठरलेलं असतं, पुढचा आला की पहिला त्याच्या गळ्यात वीणा घालतो, पाया पडतो आणि जाऊन सरळ झोपतो. त्याला कोणी म्हणत नाही की तुझी भक्ती कमी पडली. तुमच्याकडे पहारेच लावलेले नाहीत, त्यामुळे वीणा तुझ्या गळ्यात आली ती आलीच.

यात सगळा दोष तुमचा आहे असं पण नाही. मार्च २०२२मध्ये पुण्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ निवडणूकच झाली नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. एरवी लोक ज्या तक्रारी घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचे त्या तुमच्यासारख्या ग्रुपवाल्यांच्या मोबाईलवर आल्या आणि तिथेच मुक्कामाला राहिल्या. नगरसेवकाकडे त्यासाठी ऑफिस असतं, हाताखाली पोरं असतात. तुझ्याकडे लंच टाइम आहे.

तर पहिलं म्हणजे आलेल्या गोष्टींचे दोन ढीग कर, कायद्याची तारीख असलेल्या आणि नसलेल्या. झाड तोडायची नोटीस लागली की हरकत घ्यायला ७ दिवस असतात. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यातूनही काही निघालं नाही तर दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. या तारखा चुकल्या की पुढचं सगळं अवघड होतं, म्हणून जी काही शक्ती आहे ती इथे लावायची. डास, खड्डा, बंद पडलेला दिवा, कुत्री याला अशी कुठलीच तारीख नाही, ही तक्रार ज्याची त्याने पालिकेच्या ॲपवर नोंदवायची आणि तक्रारीचा नंबर ग्रुपवर टाकायचा, मग पाठपुरावा लागला तर बघू. तू नोंदवायची नाही. नुसतं "कोणीतरी बघा रे जरा" लिहिणाऱ्याला उत्तरच द्यायचं नाही. सुरुवातीला लोक फुगून बसतील. बसू देत.

विसर्गाच्या मेसेजचं मात्र वेगळं आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला आणि लोक झोपेतून उठून थेट पाण्यात उतरले, ते ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला पत्र्यावर पाऊस वाजला तरी झोप लागत नाही, हे साहजिक आहे आणि मनाला समजावून ते जात पण नाही. मनापेक्षा कागदाने जास्त काम होईल. तुमच्या भागातले जुने रहिवासी आणि वॉचमन यांना एका संध्याकाळी बसवा, साधारण किती क्युसेकला नदीपात्रातला रस्ता जातो, किती झाल्यावर पार्किंगमध्ये पाणी येतं, किती झाल्यावर तळमजल्याच्या लोकांना हलवायला लागतं हे त्यांच्या अनुभवातून लिहून घ्या आणि तो कागद प्रत्येक बिल्डिंगमध्ये लिफ्टजवळ लावा. मग पावसाळ्यापुरत्या रात्रीच्या पाळ्या, प्रत्येक बिल्डिंगमधून एकेक माणूस, ज्याची पाळी त्याचाच फोन चालू, आणि ठरलेला आकडा ओलांडला तरच त्याने बाकीच्यांना उठवायचं. तुझी पाळी नसेल त्या रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. पहिल्या काही रात्री तू तरीही उठून बघून येशील, मला माहितीये, पण पाळीवरच्या माणसाला फोन करून "बघतोयस ना?" विचारू नकोस, म्हणजे मिळवलं.

सोपवायचं कसं याबद्दल एक. "सगळ्यांनी थोडं थोडं काम वाटून घेऊया" असा मेसेज टाकलास तर अंगठे येतील चाळीस आणि माणूस येणार नाही एकही. एकाला गाठायचं आणि एकच काम द्यायचं. तुमच्यातली कोणी रोज ऑफिसला त्याच रस्त्याने जात असेल तर तिला म्हणायचं, हे पत्र जाता जाता आवक विभागात दे, दोन प्रती आहेत, एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा, शिक्का पुसट उठला तर परत मारून घ्यायचा, आणि "साहेब नाहीयेत" म्हणाले तर सांगायचं की मला साहेबांना भेटायचं नाहीये, फक्त पोच हवीये. एवढं बारीक सांगितलं की माणूस जातो. बऱ्याच जणांना काम नको असतं असं नाही, ऑफिसात गेल्यावर आपली फजिती होईल याची भीती असते. पहिल्या खेपेला सोबत जा, नंतर फोनवर, आणि त्यानंतर तिने काय केलं ते तपासायला जाऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपमधले सगळे मसुदे, अर्ज, अपिलांच्या तारखा तिघींना उघडता येतील अशा ठिकाणी ठेव. आठवड्यातला एक दिवस या कामाचा फोन बंद, गांधीजी सोमवारी मौन पाळायचे, अगदीच लागलं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, आणि त्यांच्यामागे तुझ्यापेक्षा जास्त माणसं लागलेली होती.

राहिली दहावी. ग्रुपवर सरळ लिही की परीक्षा संपेपर्यंत मी सुट्टीवर आहे, झाडांच्या नोटिसा अमक्या बघतील, अपिलं तमक्या, एप्रिलमध्ये परत येते. कारणांचा निबंध नको, माफी नको. आणि हो, काही गोष्टी बंद पडतील. परत आल्यावर ज्या बंद पडलेल्या गोष्टीसाठी कोणी स्वतःहून विचारायला येईल ती त्याच्याच हातात दे, ज्याबद्दल कोणीच विचारणार नाही ती तशीच राहू दे.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून एका संस्थेत वस्ती पातळीवर काम करतो, येरवड्याच्या बाजूला. मानधन १८ हजार. शनिवार-रविवार लोक घरी असतात म्हणून मीटिंग तेव्हाच, आणि सोमवारी रिपोर्ट. रात्री-अपरात्री नवऱ्याने मारलं, पोरगं सापडत नाही, ससूनला घेऊन चला असे फोन येतात. सुट्टी मागितली की मोठे सर म्हणतात ही नोकरी नाही, बांधिलकी आहे, आम्ही तुमच्या वयात सायकलवर फिरायचो. परवा एक ताई समोर बसून रडत होत्या आणि माझ्या डोक्यात चाललेलं की ही केस कुठल्या कॉलममध्ये भरायची. मी असा नव्हतो. घरी सांगता येत नाही, ते आधीच म्हणत होते एमपीएससी दे.
नाव नको, संस्थेचं तर नकोच नको

उत्तर : बाळा, सर सायकलवर फिरले ते त्यांनी स्वतः ठरवून. स्वतःच्या आयुष्याचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, तुझ्या रविवारचं काय करायचं हे त्यांनी कसं ठरवायचं? आपल्याकडे त्यागाची एवढी सवय लागलीये की जो जास्त झिजला तो जास्त खरा असं एक गणितच होऊन बसलंय. अमेरिकेत पॉल गोर्स्की नावाच्या अभ्यासकाने कार्यकर्त्यांशी बोलून यावरच काम केलंय, त्यात एक गोष्ट ठळक येते की माणसं नुसती समोरच्या व्यवस्थेशी लढून मोडत नाहीत, हुतात्मा व्हायची ही जी संस्कृती चळवळीत असते आणि आपलेच लोक एकमेकांशी जसे वागतात त्यानेही मोडतात. थकलो असं म्हणणाऱ्याकडे संशयाने बघायचं, हा तर आपल्या संस्थांमधला नेहमीचा अनुभव.

ते कॉलमचं जे झालं ना, ती निगरगट्ट व्हायची सुरुवात असते, आणि तुला ते खुपतंय तोवर उलटं फिरता येतं. दिवसभर दुसऱ्याचं ऐकणाऱ्याला स्वतःचं सांगायला ठरलेली जागा लागते. चांगल्या समुपदेशन केंद्रांत समुपदेशकांनासुद्धा आपल्या केसेस कोणा अनुभवी माणसापुढे मांडायची सोय असते, तुमच्याकडे नसेल तर मागा, नाही मिळाली तर दोघा-तिघांनी मिळून आठवड्यातून एकदा टपरीवर नाही, दार बंद करता येईल अशा खोलीत बसा. केसच्या माणसाचं नाव न घेता, आपल्याला काय झालं तेवढंच बोलायचं. आणि मारहाणीच्या केसला एकट्याने जायचं नाही, सोबत एक, शक्यतो बाई. रिपोर्ट त्याच दिवशी न भरता दुसऱ्या दिवशी सकाळी भर, ऐकणं आणि लिहिणं यात एक रात्र जाऊ दे.

रात्रीच्या फोनचं म्हणशील तर वस्तीत तुझा नंबर एकटाच फिरतोय तोपर्यंत तो वाजणारच. ११२ तातडीच्या मदतीला, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, हे तिन्ही नंबर प्रत्येक नळकोंडाळ्यावर आणि अंगणवाडीच्या दारावर रंगवून घ्या, आणि बचतगटातल्या दोन-तीन खमक्या बायकांना आधी ११२ लावायची, तिथे काय सांगायचं याची सवय करून द्या. पोलीस येत नाहीत, आले तर उलट तिलाच बोलतात, हे मला माहितीये. म्हणून तर तुझी गरज दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आहे, चौकीत बसून तक्रार लिहून घ्यायला लावायला, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला, आणि तेव्हा तू झोप झालेला असलास तर बरं.

सुट्टीचं लेखी माग. आठवड्याची सुट्टी कुठली, रविवारी काम झालं तर बदली सुट्टी कधी, रात्रीच्या फोनची पाळी कोणाकोणाची, एवढ्या तीन ओळींचा मेल, नम्र भाषेत, आणि शक्य असेल तर तिघांच्या सह्यांनी. बांधिलकीवर भाषण झालं तर ऐकून घे आणि मेल परत पाठव. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर दुसरी संस्था बघ. पुण्यात संस्थांना तोटा नाही, आणि संस्था सोडणं म्हणजे वस्तीतल्या लोकांना सोडणं नाही, हे सरांना पटणार नाही पण तुला पटायला हवं. घरी खरं सांग. एमपीएससीची धमकी पेलण्याइतका तू मोठा आहेस.

प्रश्न : आमचा टेकडीचा आणि झाडांचा गट जुना आहे. मी ६९ वर्षांचा निवृत्त इंजिनियर, पेठेत राहतो. हल्लीची तरुण पिढी येतच नाही, सगळं मलाच बघावं लागतं. बीपीच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, पत्नी म्हणते पुरे आता. पण जबाबदारी द्यावी असा माणूस तर दिसला पाहिजे! पुढच्या पिढीला कसं आणावं?
एक टेकडीप्रेमी

उत्तर : काका, नमस्कार. राग मानू नका पण तुमच्या मीटिंगा मंगळवारी सकाळी अकराला असतात का हो? आणि त्यात पहिली पंचवीस मिनिटं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यात जातात का? असं असेल तर तरुण येत नाहीत हे बरोबरच आहे, ते कामावर असतात.

तरुण नाहीत हे मला नाही पटत. वेताळ टेकडी वाचवायला २०२३मध्ये लोक रस्त्यावर उतरले त्यात कॉलेजची पोरं होतीच की. त्यांना सभा नकोय, त्यांना काम हवंय, आणि काम म्हणजे सतरंज्या घालणं आणि फोटो काढणं नव्हे. तुमच्याकडे एखादी मुलगी येऊन म्हणाली की मी या भागातली सगळी जुनी झाडं मोबाईलवर नकाशात टाकते, तर तुम्ही तिला सांगणार, "आधी वर्षभर नुसतं बघ." मग ती कशाला थांबेल? झाडांच्या नोटिसा हे एक खातं आहे असं धरा. नोटीस शोधणं, ७ दिवसांत हरकती जमवणं, सुनावणीला बोलणं, हे अख्खं खातं दोन तरुणांना देऊन टाका, चुका करायच्या परवानगीसकट. पत्रात "कळावे" राहिलं म्हणून तुम्ही मसुदा परत लिहायचा नाही. सुनावणीला तुम्ही मागच्या खुर्चीवर, आणि त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हे तुम्हाला बीपीपेक्षा अवघड जाणार आहे.

नाहीतर काय होतं तुम्हाला माहितीये, असे कित्येक गट आपण पुण्यात बघितलेत, अध्यक्ष गेले की लेटरहेड उरतं. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला ओंकारेश्वर पुलावर खून झाला, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम थांबलं नाही, कारण गावोगावी शाखा होत्या आणि त्या शाखा आपापल्या कार्यकर्त्यांच्या बळावर चालत होत्या, जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात झाला. हमालांच्या संघटनेची, हमाल पंचायतीची, कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी कष्टाची भाकर बघा, इतकी दशकं रोज चालते, त्यासाठी कुठल्या नेत्याला रोज पहाटे जाऊन चूल पेटवावी लागत नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची, ती कचरावेचक सभासदांची संघटना आहे, बाहेरून येऊन कोणीतरी त्यांच्यासाठी करतंय असं नाही. तुमच्या गटाला वर्गणी आहे का, सभासदांची यादी आहे का, खजिनदार बदलतो का? इंजिनियर आहात, एवढं तुम्हाला मी सांगायला नको.

काकूंना विचारून गोळ्यांच्या वेळा पाळा. आणि टेकडीवर आठवड्यातून दोनदा तरी कोणाला काही न दाखवता, कुठलं झाड वाळलं ते न मोजता नुसते फिरून या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, तुमच्यासारख्या लोकांची सगळ्यात आधी तीच गोष्ट जाते ज्यासाठी तुम्ही यात आलात.

प्रश्न : माझी बायको नदीच्या कामात आहे. घरी येते ती भांडायच्या मूडमध्येच. मी म्हणतो सोड ना, कोणाला पडलीये, तर अजून भडकते. आता मदत करू का म्हटलं तर म्हणते मदत नको, समजून घे. म्हणजे नक्की काय करायचं?
गोंधळलेला नवरा, कर्वेनगर

उत्तर : दादा, "सोड" हा शब्द घरात काही महिने बंद. दिवसभर बाहेर दहा जणांनी तिला तेच ऐकवलेलं असतं, कोणी हसून, कोणी धमकी देऊन, आणि घरी येऊन परत तेच ऐकायचं म्हणजे तिची बाजू घेणारं कोणीच नाही.

आल्या आल्या सल्ला द्यायचा नाही. चहा द्यायचा आणि "आज काय झालं?" विचारायचं, आणि ती सांगत असताना तोडगा सुचला तरी गिळायचा. तिला धमकीचे फोन-मेसेज येत असतील तर ते मात्र गिळायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ वहीत लिहा आणि दोघं मिळून पोलीस स्टेशनला जाऊन लेखी द्या. तिच्या सुनावणीची तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये असू द्या, त्या दिवशी मुलांचं, डब्याचं, सोसायटीच्या मीटिंगचं सगळं तुमच्याकडे. "मदत करू का" म्हटलं की काय मदत करायची हे ठरवायचं कामसुद्धा परत तिच्याच गळ्यात पडतं, ती बहुतेक त्यालाच वैतागलीये. म्हणून उद्यापासून विचारू नका. गुरुवारी भाजी तुम्ही आणा, कुठली आणायची हे तिला फोन न करता.